ओरडणार नाहीस ना? पोरांचा मोबाईल आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की मुलांच्या मोबाईलबद्दल तुम्हाला नक्की कसली धास्ती वाटते, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज मिळून एवढा गठ्ठा आलाय की एका अंकात मावणार नाही, म्हणून थोडेच निवडलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत आणि गावंही जरा इकडची तिकडे केलीत, कारण गोवा तो केवढा, फोंड्यात शिंकलं तर म्हापशात कळतं. बऱ्याच जणांनी विचारलंय की असं कुठलं ॲप आहे का जे एकदा टाकलं की आपण निश्चिंत. नाही हो, असं ॲप नाही. असतं तर मीच पहिल्यांदा टाकलं असतं आणि हा कॉलम बंद करून झोपले असते.

प्रश्न: ताई, मुलगी आठवीत आहे, आत्ताच १३ पूर्ण झाली. परवा तिचा फोन चार्जिंगला लावताना दिसलं की तिनं इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडलंय, ते पण जन्मसाल खोटं टाकून, म्हणजे अकाउंटवर ती १९ वर्षांची आहे! विचारलं तर म्हणते वर्गात सगळ्यांचं आहे. मिस्टर म्हणतात फोन काढून घे, सासूबाई म्हणतात तूच दिलास ना फोन, आता भोग. पेपरात वाचलं की ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखाली बंदच केलंय, आपल्याकडे पण येणार म्हणतात, मग तोवर फोन कपाटात ठेवू का?
(एक आई, डिचोली)

उत्तर: कपाटात ठेवलात तर ती मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करेल आणि मग चार्जिंगला लावताना जे दिसलं ते पण दिसायचं बंद होईल. तेव्हा ते नको. ऑस्ट्रेलियाचं खरं आहे, तिथं डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना इन्स्टाग्रामसारखी मोठी ॲप्स बंद केलीत आणि नियम मोडला तर दंड कंपनीला, पोरांना किंवा आईबापांना नाही. गोव्यातही तसं करावं का यावर चर्चा सुरू झाली, होऊ दे, पण चर्चा संपेपर्यंत तुमची मुलगी दहावी पास झालेली असेल.

खोटं वय ही मात्र खरी अडचण आहे, आणि ती खोटं बोलली हा त्यातला लहान भाग. इन्स्टाग्राम १३ च्या पुढे वापरता येतं आणि खरं वय टाकलं की भारतात फेब्रुवारी २०२५ पासून टीन अकाउंट मिळायला लागलंय. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज पाठवू शकत नाही, टॅग कुणी करायचं त्यावर बंधन असतं, दिवसाला तासभर झाला की आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. १६ च्या खाली असेल तर हे सैल करायला आईबाबांची परवानगी लागते. आता तुमच्या मुलीनं १९ टाकलंय म्हणजे यातलं तिला काहीच लागू नाही, कंपनीच्या हिशोबानं ती कॉलेजला जाणारी मोठी मुलगी आहे आणि कुणीही तिशीतला माणूस तिला रात्री बाराला हाय करू शकतो. हे तिला असंच सांगा, लेक्चर न देता. बहुतेक मुलांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं जन्मसाल म्हणजे दार उघडायचा पासवर्ड.

मग एका रविवारी, जेवणखाण झाल्यावर, दोघी बसा. जुनं अकाउंट बंद करा, खऱ्या जन्मतारखेचं नवं उघडा, आणि तुमचं अकाउंट त्याला सुपरव्हिजनमध्ये जोडा. त्यातून तुम्हाला ती किती वेळ असते, गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी मेसेजवर बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही, आणि माझ्या मते ते तसंच बरं आहे. बंद करायच्या आधी मात्र जुन्या अकाउंटची फॉलोअर लिस्ट तिच्याबरोबर खाली खाली सरकवत बघा. एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं, हा कोण. ‘आमच्या वर्गातला.’ ही कोण? ‘चुलत बहीण.’ आणि हा? ‘माहीत नाही, पण म्युच्युअल खूप आहेत आमचे.’ इथं थांबायचं. म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या ओळखीची माणसं, खूप आहेत म्हणजे ओळखीचा आहे असं तिला मनापासून वाटतं, आणि ज्याला पोरांपर्यंत पोचायचं असतं तो नेमकं हेच करतो, वर्गातल्या दोघातिघांना आधी रिक्वेस्ट पाठवतो, कुणीतरी घेतोच, मग बाकीच्यांना तो ओळखीचा दिसायला लागतो.

शेवटचं, आणि हे मिस्टरांना पण वाचून दाखवा. आपण लहानपणी म्हार्दोळच्या जत्रेत गेलो की आई आधी सांगायची, हरवलास तर दीपस्तंभापाशी येऊन उभा रहा, मी तिथंच येते. जत्रेला जाऊ नको म्हणायची नाही, आणि हरवलास तर पुढच्या वर्षी आणणार नाही असं तर अजिबात नाही. पोरीला तेवढं ठरवून द्या: ऑनलाईन काहीही विचित्र झालं, कुणी फोटो मागितला, कुणी धमकी दिली, अगदी तिचीच चूक असली तरी, येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही. आणि हा शब्द पाळायचा. मी शाळाशाळांतून बोलायला जाते तेव्हा मुलांना विचारते की घरी का सांगत नाही, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, फोन जाईल म्हणून. मार खाण्याची भीती कमी, फोन जाण्याची जास्त. म्हणजे ज्या शिक्षेवर आपण विसंबून आहोत तीच त्यांना गप्प बसवते.

(सासूबाईंना सांगा फोन सुनेनं नाही, लॉकडाऊननं दिला. २०२० मध्ये शाळाच मोबाईलवर आली, आपल्या सत्तरीत, सांग्यात पोरं नेटवर्क शोधत डोंगर चढली, तेव्हा वापर कसा करायचा हे शिकवायला कुणालाच वेळ नव्हता.)

प्रश्न: मी रिटायर्ड माणूस. नातू चौथीत, सुट्टीत आमच्याकडे असतो, माझ्याच मोबाईलवर गेम खेळतो. गेल्या महिन्यात माझ्या खात्यातून थोडे थोडे करून चौदाशे रुपये गेले. बँकेत गेलो तर म्हणाले व्यवहार तुमच्याच फोनवरून झालाय. नातू म्हणतो, आजोबा मी फक्त डायमंड घेतले. हे डायमंड काय प्रकरण आहे? आणि खेळताना तो कानाला लावून कुणाशी तरी हिंदीत बोलत असतो, ते वेगळंच.
(आजोबा, फोंडा)

उत्तर: आजोबा, डायमंड म्हणजे गेममधले खोटे पैसे जे खऱ्या पैशांनी घ्यायचे असतात, त्यातून बंदुकीला रंग, हिरोला कपडे असलं काहीतरी मिळतं. नातवाला ते पैसे वाटतच नाहीत, त्यानं फक्त एक निळं बटन दाबलं. तुमच्या प्ले स्टोअरमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन खरेदीच्या वेळी दरवेळेस व्हेरिफिकेशन मागायचं असं करून ठेवा, आणि यूपीआयचा पिन टाकताना तोंडानं आकडे म्हणू नका, हसू नका, बरेच आजोबा म्हणतात आणि चौथीतल्या मुलाच्या लगेच लक्षात राहतात. न सांगता झालेली खरेदी ४८ तासांच्या आत कळली तर गुगलकडे रिफंड मागता येतो, महिना झाल्यावर आशा कमीच, पण गेमच्या कंपनीला लिहून बघायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर चौदाशेपेक्षा मला ते हिंदीतलं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. टीममध्ये खेळायच्या गेममध्ये व्हॉइस चॅट असतं, पलीकडे कोण आहे कळत नाही, दहा वर्षांचा पोरगा असेल किंवा चाळिशीतला माणूस. बोलणं सुरुवातीला खेळाचंच असतं, मग तो फुकट डायमंड देतो, स्किन (म्हणजे तेच बंदुकीचे रंग नि कपडे) देतो, मग म्हणतो इथं नको, व्हॉट्सॲपवर ये किंवा टेलिग्रामवर ये. दुसऱ्या ॲपवर ये हे वाक्य आलं की खेळ थांबवून आजोबांना सांगायचं, एवढी एकच गोष्ट चौथीतल्या मुलाला पाठ करून घ्या, बाकी नियमांची यादी तो विसरणारच आहे. चौथीपर्यंत व्हॉइस चॅट सेटिंगमध्ये बंदच ठेवलेलं बरं. आणि कधीतरी शेजारी बसून विचारा हा गेम कसा खेळतात, तो एवढा खूश होऊन सगळं सांगेल की कुणाशी बोलतो ते पण त्यात येऊन जाईल.

पैसे लावून जिंकायच्या ऑनलाईन गेमवर २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केलाय, पण डायमंड त्यात येत नाहीत. मांडवीतल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्याला पायरी चढू देत नाहीत, आणि इकडे नऊ वर्षांचा मुलगा गेममधली पेटी उघडली की आत काय निघेल या आशेनं शंभर शंभर रुपये टाकत बसलाय, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न: मी १७ वर्षांचा, बारावीला आहे. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट आली, आमच्या हायर सेकंडरीतली दोन मुलं तिला फॉलो करत होती म्हणून घेतली. दोन दिवस बोललो, मग तिनं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल केला, तिनं कपडे काढले आणि मला पण काढायला सांगितलं. कॉल कट झाल्यावर पाच मिनिटांत माझाच व्हिडिओ मला आला. पाच हजार मागितले. मी बहिणीकडून खोटं सांगून तीन हजार घेतले आणि पाठवले. आता अजून आठ मागतायत. बाबांना कळलं तर संपलंच. काय करू?
(पेडणे तालुका)

उत्तर: ह्याला ईमेल आला त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं होतं, मासिक यायची वाट बघत बसायची ही गोष्ट नाही. इथं त्याच्या परवानगीनं छापतोय, कारण असे मेसेज येणारी मुलं गावोगाव आहेत आणि सगळ्यांना वाटतं की आपणच एकटे मूर्ख निघालो.

हे बघ, पहिली गोष्ट, ती मुलगी नव्हतीच. बहुतेक वेळा पलीकडे आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो आणि तो चालवणारी माणसं हा धंदा म्हणून दिवसभर हेच करत असतात, तुझ्यासारख्या पन्नास जणांशी एका वेळी. तुला जो मेसेज आला तोच जवळजवळ सगळ्यांना येतो: फॉलोअर लिस्टचा स्क्रीनशॉट, त्यावर तीनचार नावांना लाल गोल, आणि खाली, ‘पहिल्यांदा कुणाला पाठवू, मामाला का सरांना? १० मिनिट आहेत तुझ्याकडे.’ ती दहा मिनिटं मुद्दाम दिलेली असतात, तू विचार करू नयेस म्हणून. घड्याळ त्यांचं आहे, तू त्यावर चालू नकोस.

आता पैसे एक रुपयासुद्धा नाही. तीन दिलेस म्हणून आठ मागतायत, आठ दिलेस तर वीस मागतील, देणारा गिऱ्हाईक कुणी सोडत नाही. नाही दिलेस तर पाठवतील का? कधी कधी पाठवतात, खोटं कशाला सांगू. पण बरेचदा न देणाऱ्याला सोडून पुढच्याकडे जातात, कारण व्हिडिओ पसरवून त्यांना काही मिळत नाही, मिळतं ते धमकीतून.

चॅट डिलीट करू नको. घाईघाईत सगळे हेच करतात, लाज वाटते म्हणून, आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. त्या अकाउंटचं नाव आणि लिंक, व्हॉट्सॲप नंबर, धमक्यांचे मेसेज, पैसे ज्या यूपीआय आयडीवर पाठवलेस तो, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ. मग ब्लॉक कर आणि अकाउंट इन्स्टावर रिपोर्ट कर. व्हिडिओ कुणालाही फॉरवर्ड करू नको, पुरावा म्हणून जवळच्या मित्राला पण नाही, कारण १८ खालच्या मुलाचा तसला व्हिडिओ पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे, मग तो व्हिडिओ स्वतःचा असो वा मित्राचा.

लगेच १९३० ला फोन कर. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवशील तितकी ते मधल्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त. त्याच तक्रारीचं पोर्टल आहे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, तिथं महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देता तक्रार करायची सोय पण आहे. आपल्याकडे सायबर पोलीस स्टेशन रायबंदरला आहे, पण तिथंच जायला पाहिजे असं नाही, कुठल्याही पोलीस स्टेशनवर तक्रार घ्यायला लागते. आणि घाबरू नको, पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा कायदा, तो मुलगा आणि मुलगी दोघांना सारखाच लागू आहे, तू त्यात तक्रारदार आहेस. त्या कायद्यात लिहिलंय की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथं घ्यायचा, पोलिसानं युनिफॉर्म घालून यायचं नाही, नाव पेपरात छापायचं नाही. पोलीस स्टेशनच्या बाकावर बसवून सगळ्यांसमोर विचारतील हे जे तुझ्या डोक्यात चित्र आहे ना, ते कायद्याला मंजूर नाही.

व्हिडिओ पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतली बालसुरक्षा संस्था चालवते, १८ खाली असताना काढलेल्या फोटो व्हिडिओसाठी. त्यात व्हिडिओ कुणाकडे जात नाही, तुझ्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांकडे जातो, मग तोच व्हिडिओ कुणी तिथं चढवला तर त्यांना ओळखता येतो. व्हॉट्सॲपवर ते चालत नाही, तिथं मेसेज कंपनीलाच दिसत नाहीत. १८ च्या पुढच्यांसाठी तशीच ‘स्टॉपएनसीआयआय’ आहे.

आणि एका मोठ्या माणसाला सांग. बाबांना लगेच जमत नसेल तर मामा, आते, शाळेतल्या एखाद्या बाई, ज्या बहिणीकडून पैसे घेतलेस ती. १०९८ वर पण बोलता येतं, ती मुलांचीच हेल्पलाईन. रात्री डोक्यात नको ते विचार यायला लागले तर १४४१६, टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, चोवीस तास असतात, फोन उचलतात, नाव सांगायला लागत नाही. व्हिडिओ एक प्रॉब्लेम आहे, सुटणारा आहे. एवढं लक्षात ठेव.

(त्यानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं आईला, आणि दोघी त्याच्याबरोबर तक्रार करायला गेल्या. बाबांना नंतर कळलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले मला पहिल्यांदा का नाही सांगितलंस. बाबा लोकांनो, ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे, परत वाचा.)

प्रश्न: माझे मोठे दीर दुबईला असतात, दरवर्षी चवथीला येतात आणि येऊन पहिलं काम म्हणजे माझ्या मुलीचे फोटो. सहा वर्षांची आहे. आरतीचा, केक कापतानाचा, शाळेच्या युनिफॉर्ममधला, आंघोळ करतानाचा पण एकदा टाकला होता गंमत म्हणून. सगळं फेसबुकवर पब्लिक. मी काही बोलले की भाऊजी म्हणतात, अगं आपलीच माणसं बघतात, आणि घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होतात.
(काणकोण)

उत्तर: आंघोळीचा फोटो आजच काढायला लावा, त्यात तोंडं वाकडी होवोत नाहीतर सरळ होवोत. असले फोटो कुठून कुठल्या कलेक्शनमध्ये जातात याची कल्पना आपल्याला येत नाही, आणि आता एआयची अशी टूल्स आलीत की साध्या कपड्यातल्या फोटोवरून नागडा फोटो बनवतात, त्यासाठी फक्त एक स्वच्छ चेहरा लागतो. तो आपणच पुरवतो, हौसेनं, हॅशटॅग लावून.

बाकीच्या फोटोत भाऊजींना दाखवून द्या की एकेका फोटोतून काय काय वाचता येतं. भाऊजी हुशार आहेत, लगेच समजतील. युनिफॉर्मवर शाळेचा बॅज, मागे घराच्या गेटवरचं नाव, खाली भाऊजींनीच टाकलेलं लोकेशन, कॅप्शनमध्ये मुलीचं लाडकं नाव. आता हे सगळं माहीत असलेला माणूस शाळा सुटताना गेटवर उभा राहिला आणि लाडक्या नावानं हाक मारली, ‘चल, बाबांनी पाठवलंय, काका दुबईहून आलेत ना,’ तर सहा वर्षांची मुलगी काय करेल? हे उदाहरण भाऊजींना सांगा, तुमचं ऐकून नाही घेतलं तरी हे ऐकून घेतील. (घरात एक गुपित शब्द पण ठरवून ठेवा, न्यायला येणाऱ्याला तो माहीत नसेल तर जायचं नाही. मुलांना असले गुपित शब्द फार आवडतात.)

आपल्या गोव्यानं २००३ मध्येच मुलांसाठी स्वतःचा कायदा केला, गोवा बाल कायदा. त्यात एक गोष्ट मला फार आवडते, फोटो धुऊन देणाऱ्यांना मुलांचे अश्लील फोटो दिसले तर त्यांनी पोलिसांना कळवायचं असं त्यात बंधन घातलंय. तेव्हा रोल घेऊन स्टुडिओत जायला लागायचं, म्हणजे मध्ये एक माणूस असायचा जो तो फोटो बघायचा आणि हरकत घेऊ शकायचा. आता फोनमधून थेट जगात, मध्ये कुणी नाही, मग ते मधलं माणूस आपणच व्हायला पाहिजे ना?

भांडण न करता काय करायचं ते सांगते. भाऊजींना फोटो काढू देत, नको म्हणू नका, फक्त घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि म्हणा की इथं टाका, आजी पण बघेल, फेसबुकवर आजी नाहीये. आजीचं नाव पुढे केलं की आपल्याकडे बरीच कामं होतात. जुने फोटो पब्लिकवरून फ्रेंड्सवर करायला दोन मिनिटं लागतात, फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सगळ्या जुन्या पोस्ट एकदम मर्यादित करायचा पर्याय आहे, तो स्वतः त्यांच्या शेजारी बसून करून द्या. आणि मुलगी सहाची आहे तरी फोटो टाकायच्या आधी तिला विचारायची सवय लावा, टाकू का गं? ती नाही म्हणाली तर टाकायचा नाही. उद्या कुणी तिच्याकडे फोटो मागेल तेव्हा नाही म्हणायचं कसं हे तिला त्यातूनच येईल.

प्रश्न: मी दहावीत आहे. बाबा रात्री मी झोपल्यावर माझा फोन उघडतात, माझे मैत्रिणींशी झालेले चॅट वाचतात, आणि मग दुसऱ्या दिवशी जेवताना त्यातलंच काहीतरी टोमणा मारतात. मी काही चुकीचं करत नाही. आता मी चॅट डिलीट करून झोपते. माझं चुकतंय का?
(एक मुलगी, मडगाव)

उत्तर: चॅट डिलीट करून झोपायला लागणं, हे तुझ्यापेक्षा बाबांनी जास्त मनावर घ्यावं असं आहे. चोरून वाचलेलं टेबलावर टोमण्यात वापरलं की मुलगी सुरक्षित होत नाही, हुशार होते, आणि उद्या खरंच काही झालं तर तेही डिलीट करून झोपेल.

पण बाबांच्या बाजूनं एक सांगू? त्यांना भीती वाटते आणि भीती कशी बोलायची ते माहीत नाही, तेव्हा वाट सापडली ती अशी वाकडी. तुझ्या वयात त्यांना काहीच बघायचा हक्क नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघांनी कागदावर लिहून ठरवा, हसू येईल पण लिहाच. काय उघड असेल: कुठली ॲप्स आहेत, किती वेळ, कोण कोण फॉलो करतं, रात्री फोन कुठं चार्जिंगला असेल (बेडरूममध्ये नको, हे माझं मत, हॉलमध्ये ठेवा, बाबांचा पण). काय तुझं असेल: मैत्रिणींचे चॅट. आणि बाबा फोन कधी बघतील: तुझ्यासमोर, सांगून, काही गंभीर कारण असेल तेव्हा. लोकेशन बाबांना हवं असेल तर फक्त त्यांच्याशी शेअर कर आणि स्नॅपचॅटवरचा मॅप घोस्ट मोडवर टाक म्हणजे तू कुठं आहेस ते कुणाला दिसणार नाही, तिथं शेअरिंग चालू असेल तर सगळ्या लिस्टला तू कुठं आहेस ते दिसू शकतं.

पासवर्ड मैत्रिणीला देत असशील तर तो मात्र बदल. मैत्री असते तोवर काही वाटत नाही, भांडण झालं की तोच पासवर्ड पहिल्यांदा आठवतो, आणि दहावीतली भांडणं मला माहीत आहेत.

बाबांना हे वाचायला कसं द्यायचं ते तू बघ. पान उघडून चहाच्या कपाखाली ठेवलंस तरी चालेल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न याच पत्त्यावर पाठवा. फक्त एक विनंती, प्रश्नाबरोबर मुलांचे फोटो, शाळेचं नाव आणि मोबाईल नंबर जोडू नका. या वेळी बऱ्याच जणांनी जोडलेत, तेही ऑनलाईन सेफ्टीच्याच प्रश्नाला. आम्ही ते सगळे डिलीट केलेत.